टूंखाली गेलेला शब्द

लग्नाच्या व्हिडिओंची कापाकापी हा माझा धंदा आहे. विरारला एका स्टेशनरीच्या दुकानावरच्या माळ्यावर माझी खोली आहे. तिथे दोन स्क्रीन, एक कुरकुरणारा पंखा आणि मी. नवरीचा मामा जेवणावरून भांडला तर ते भांडण मी काढून टाकतो. नवऱ्याची आई लग्नाच्या दिवशी तोंड पाडून बसली असेल, तर हळदीला ती एकदा हसली होती ते हसू शोधून आणतो आणि वरमालेच्या वेळी लावतो. लोक खूश होतात, पुढच्या मुलीच्या लग्नालाही मलाच बोलावतात. त्यामुळे एडिटिंग म्हणजे काय, टीव्हीवर दिसतं त्यातलं किती खरं, हे मला घरात बसून टीव्ही बघणाऱ्या कुणाहीपेक्षा जास्त ठाऊक होतं. आणि तरी माझ्या आत्याला त्या कार्यक्रमात मीच पाठवलं. ते आठवलं की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते, आणि त्यातली निम्मी माझ्या स्वतःवरची असते.

आत्या विरारजवळच्या अर्नाळ्याची, कोळी घरातली. वीस-बावीस वर्षं तिनं डोक्यावर पाटी घेऊन मासळी विकली. मग गुडघे गेले, तेव्हा मुलानं तिला एव्हरशाईन सिटीतल्या आपल्या तळमजल्यावरच्या घरी आणलं. नुसतं बसून राहणं तिला कधी जमलंच नाही. शेजारच्या एका नोकरी करणाऱ्या बाईनं आपलं बाळ महिनाभरासाठी म्हणून तिच्याकडे ठेवलं, ते बाळ तीन वर्षं राहिलं. एकाची सहा झाली. पाटी नाही, जाहिरात नाही. सकाळी साडेसातला आया पोरं आणून सोडायच्या आणि संध्याकाळी न्यायच्या. त्या मधल्या वेळात घरात जो गोंधळ चालायचा त्याला आत्या शाळा म्हणायची आणि सून बाजार म्हणायची.

त्या सहांतली एक मुलगी आत्याचा जीव की प्राण होती. तिचे आईवडील नागपूरकडचे, दोघंही अंधेरीला कंपनीत. चार महिन्यांची असताना ती आत्याकडे आली. तिचा पहिला दात, तिचं पहिलं पाऊल, सगळं आत्याच्या हॉलमध्ये. पहिला शब्दही आत्याचाच. तीन वर्षांची झाल्यावर ती बाहुलीला मांडीवर घेऊन थोपटत म्हणायची, "झोप मेले, झोप." तिच्या आईनं ते हसत हसत मोबाईलवर घेतलं होतं आणि नागपूरला आजीला पाठवलं होतं.

या शब्दाबद्दल सांगायलाच हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यावरूनच झालं. आत्याच्या तोंडी 'मेल्या' आणि 'मेली' श्वासासारखे असत. "मेल्या, जेवलास का?" "ये मेले, केस विंचरते." मी दहावी पास झालो तेव्हा तिनं माझ्या पाठीत धपाटा घालून "मेल्या, पास झालास" म्हटलं आणि डोळ्याला पदर लावला. अर्नाळ्यातच कशाला, अख्ख्या किनाऱ्यावर घराघरांत म्हाताऱ्या बायका असंच बोलतात. त्यात मरणाबिरणाचा काही संबंध नसतो. उलट ज्याला आत्या 'मेल्या' म्हणत नाही, त्याच्याशी तिचं काहीतरी बिनसलंय एवढं आम्ही पोरं ओळखून असायचो.

स्वयंपाकाच्या एका रिअॅलिटी शोला स्पर्धक हवेत, अशी जाहिरात मी मोबाईलवर पाहिली. वेगवेगळ्या भागांतल्या दोन-दोन बायकांच्या जोड्या लावणार होते. आत्याच्या हातची चव मला माहीत होती. मी म्हटलं, आपण व्हिडिओ पाठवू. ती म्हणाली, "मना कोन बघनार टीवीवर? जा तिकडं." पण दुसऱ्या दिवशी ठेवणीतलं लुगडं नेसून ओट्याजवळ उभी होती. मी दोन तास चित्रीकरण केलं. कोलंबी सोलताना ती आपल्या सासूबद्दल बोलली, वारलेल्या नवऱ्याबद्दल बोलली, भरतीच्या वेळी बंदरावर कसं थांबायचो ते बोलली. त्यातून मला दोन मिनिटं काढायची होती. मी काय केलं, तर सगळ्यात चटकदार तुकडे निवडले. मांजराला 'मेल्या', गॅसला 'मेल्या', मला 'मेल्या', असे पाच-सहा एकापुढे एक लावले. बघताना मलाच हसू आलं. भरतीचं वगैरे सगळं काढून टाकलं. चार दिवसांत त्यांचा फोन आला.

सेट कामणच्या पुढे, भिवंडी रस्त्यावरच्या एका गोदामात होता. बाहेर कंटेनर उभे, आत शिरलं की गुलाबी भिंती आणि खोट्या खिडक्या. मी आत्याला रिक्षानं घेऊन जायचो. नातेवाइकांसाठी कोपऱ्यात चार खुर्च्या होत्या, त्यातल्या एकीवर बसायचो. पहिल्याच दिवशी तिथली एक तरुण मुलगी, हातात कागद आणि कानात वायर, आत्याजवळ आली आणि म्हणाली, "मावशी, तुम्ही ऑडिशनमध्ये बोलत होतात ना, तसंच बोला हं. ते मेल्या-मेल्या आम्हाला सगळ्यांना खूप आवडलं. एकदम ओरिजिनल वाटतं. घरी बोलता तसंच, बिनधास्त." हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. कुणी कितीही नाही म्हटलं तरी हे वाक्य माझ्यासमोर बोललं गेलं.

आत्याची जोडीदारीण साताऱ्याकडची, बावीस-तेवीस वर्षांची. शेतकरी घरातली, हाताला चव असलेली, पण माशाला उभ्या जन्मात हात लावलेला नव्हता. आत्यानं तिला पहिल्या दिवशी बोंबील कसा धरायचा ते शिकवलं आणि दुसऱ्या दिवसापासून ती तिला 'मेले' म्हणू लागली. पोरीलाही ते आवडलं असावं. शूटिंग संपल्यावर ती रिक्षापर्यंत आत्याची पिशवी घेऊन यायची.

तिसऱ्या फेरीच्या दिवशी जे झालं ते जसं झालं तसं सांगतो. सकाळी पोरगी कांदा चिरत होती. तेवढ्यात कानात वायर असलेली ती मुलगी कॅमेऱ्याच्या मागून तिला म्हणाली, "आज बाबा असते तर त्यांना काय वाटलं असतं?" पोरीचे वडील वर्षापूर्वीच गेलेले. ती रडली. कुणाला रडू येणार नाही? कॅमेरा तिच्या तोंडाजवळ गेला. आत्यानं पाण्याचा ग्लास तिच्या हातात दिला. मग दुपारी पापलेट तळायला घेतलं. त्याआधी पोरीनं मसाला लावला होता आणि हात आपल्याच एप्रनला पुसले होते, त्यामुळे तिच्या पांढऱ्या एप्रनवर लाल बोटं उमटलेली. कढईतलं तेल चांगलंच तापलं होतं. पोरीनं ओला मासा उचलला आणि हात पार तेलाजवळ नेला. आत्यानं तिचं मनगट धरून मागे ओढलं आणि म्हणाली, "मेले, हात काढ, भाजशील ना." मग तिनं मासा फडक्यानं टिपला आणि कडेनं कसा सोडायचा ते दाखवलं. पोरगी हसली. त्या दिवशी त्यांचा दुसरा नंबर आला, आणि आम्ही कामण नाक्यावर थांबून उसाचा रस प्यायलो.

एपिसोड रविवारी संध्याकाळी सातला होता. आत्याच्या हॉलमध्ये वीसेक माणसं. तिचा मुलगा, सून, मजल्यावरची मंडळी, पाळणाघरातल्या पोरांचे आईवडील. ती नागपूरकडची जोडी आपल्या मुलीला घेऊन अगदी पुढे बसली होती. सुनेनं सगळ्यांना भजी दिली. आत्या मात्र स्वयंपाकघराच्या दारात उभी, लाजल्यासारखी.

पडद्यावर आधी कढई आली. मग आत्याचा हात, पोरीचं मनगट, जोरात ओढलेलं. आणि आत्याचा आवाज: "टूं, हात काढ."

एवढंच. 'मेले'वर बीपचा टूं, आणि 'भाजशील ना' गायब. ढोल वाजल्यासारखं संगीत आलं. लगेच पोरीचा रडवेला चेहरा, डोळ्यांतून धारा. मग परीक्षकांपैकी एकाच्या वर चढलेल्या भुवया. आणि सगळ्यात शेवटी आत्या, पदर तोंडाला लावून हसताना. ते हसू मला ओळखीचं होतं. जेवणाच्या सुट्टीत लाईटवाल्यानं काहीतरी विनोद केला होता, तेव्हाचं ते. आता ते असं बसलं की बाईनं पोरीला अर्वाच्य शिवी दिली, पोर रडली, आणि बाईला त्याची मजा वाटली.

नागपूरच्या मुलीनं आपली आजी, म्हणजे आत्या, टीव्हीत दिसली म्हणून टाळ्या वाजवल्या. टाळ्या तिच्या एकटीच्याच. मग तिच्या वडिलांनी मागे वळून, अगदी हळू आवाजात विचारलं, "आजी, काय म्हणालात तुम्ही तिला?"

"मेले बोलली," आत्या म्हणाली. "भाजत होती ती."

त्यांनी मान हलवली. ती मान कशी हलते ते मला लग्नांमधून चांगलं माहीत आहे. समोरच्याचं पटलं नसेल पण वाद घालायचा नसेल तर माणूस तशी मान हलवतो. शेजारच्या काकू तर उघडच म्हणाल्या, "'मेले'ला कुठे बीप करतात?"

माझा राग इथेच आहे. त्यांनी खरी शिवी दाखवली असती तर लोकांनी एकच शिवी ऐकली असती. टूं दाखवल्यावर प्रत्येकानं आपापल्या मनातली सगळ्यात घाणेरडी शिवी त्यात भरली. ज्याच्या तोंडात जे होतं ते त्यानं माझ्या आत्याच्या तोंडात घातलं. सोमवारी तो तुकडा मोबाईलवरून फिरायला लागला, खाली लिहिलेलं: कोळीणबाईचा तडका. त्याखाली लोक ओळखायचा खेळ खेळत होते, काय म्हणाली असेल. मी ते वाचलं आणि मला लाज वाटली की मी त्याच भाषेत लिहिता-वाचता येणारा माणूस आहे. "कोळणींची तोंडं अशीच फाटकी असतात," हे तर इतक्या वेळा लिहिलेलं होतं, जणू काही सगळ्यांनी एकत्र बसून ठरवलं होतं. मासळी घेताना घासाघीस करून वर दोन बांगडे फुकट मागणारी हीच माणसं. बाईनं मासळीच्या भावासाठी आवाज चढवला तर ती तोंडाळ, आणि यांनी चढवला तर ते चोखंदळ गिऱ्हाईक. मी संतापून उत्तरं लिहायला बसायचो, लिहून झाल्यावर खोडायचो, पुन्हा लिहायचो. त्या आठवड्यात माझी दोन लग्नं रखडली.

आणि तिकडे एकेक आई पोराला काढून न्यायला येऊ लागली. एकीची सासू गावाहून येणार होती. एकीनं मुलाला प्लेग्रुपमध्ये घातलं, "तिथे इंग्लिश बोलतात ना, म्हणून." कुणीही त्या टूंचं नावसुद्धा काढलं नाही. भांडायला आल्या असत्या तर आत्या त्यांच्याशी भांडली असती, तिला ते येतं. पण अशा गोड निरोपाला उत्तर काय देणार? इकडच्याच नंदाखाल गावचं माहेर असलेली एक शिक्षिका होती, तिची दोन मुलं मात्र येत राहिली. तिनं दारातच सांगितलं, "माझी आई मला रोज मेली म्हणते, आज सकाळीच म्हणाली." आत्या हसली. त्या आठवड्यातलं तिचं तेवढंच हसू मला आठवतं. शनिवारी नागपूरच्या मुलीची आई आली आणि मुलीची दुसरी चप्पल, बाटली आणि ती बाहुली पिशवीत भरून घेऊन गेली.

मी त्या कार्यक्रमवाल्यांना फोन लावला. तीन दिवस कुणी उचलला नाही, चौथ्या दिवशी एक गृहस्थ बोलले. फार नम्र. नम्रपणानं तर मी आणखीच पेटलो.

"सर, तो शब्द आक्षेपार्ह वाटू शकतो. मेले म्हणजे मरून जा असं कुणाला वाटलं तर? आम्हाला काळजी घ्यावी लागते."

"तुमच्याच मुलीनं तिला तसंच बोलायला सांगितलं."

"ते सेटवर ठीक आहे, सर. टेलिकास्टचं वेगळं असतं."

"बरं. आणि 'भाजशील ना' कुठे गेलं?"

ते म्हणाले, "ड्युरेशन, सर. एपिसोडची लांबी ठरलेली असते. सेकंद-सेकंद काढावे लागतात."

दीड सेकंद. 'भाजशील ना' म्हणायला दीड सेकंद लागतो, मी मोजलं आहे. आणि पोरीचा रडवेला चेहरा सात सेकंद होता. मी म्हटलं, मूळ चित्रीकरण मला द्या, मी लोकांना दाखवतो. ते म्हणाले, ते कंपनीच्या मालकीचं आहे, करारात लिहिलंय. करार मला आठवत होता. सगळा इंग्रजीत, पानं उलटता उलटता हात दुखेल एवढा. आत्यानं विचारलं होतं, "काय लिवलंय?" आणि मी प्रत्येक पानावर बोट ठेवून "इथे सही कर, इथे कर" म्हणालो होतो. मीसुद्धा तो वाचला नव्हता.

मग मी स्वतःच एक व्हिडिओ केला. टीव्हीवरचेच दोन तुकडे शेजारी शेजारी लावले. पहिल्यात आत्या मनगट धरते, पोरीच्या एप्रनवर लाल बोटं आहेत. पुढच्याच क्षणी पोर रडते, तेव्हा एप्रन कोरा पांढरा. मी त्यावर गोल करून दाखवलं. एप्रन काय एका सेकंदात धुऊन वाळला? रडणं सकाळचं आहे, ओढणं दुपारचं आहे, हे आंधळ्यालाही कळावं. आणि बीपखाली काय होतं तेही सांगितलं: 'मेले'. बस, एवढंच होतं.

फार कुणी पाहिला नाही. ज्यांनी पाहिला त्यांतल्या बहुतेकांचं म्हणणं एकच: एवढ्याशा शब्दाला कुणी बीप लावत नाही, हा भाचा काहीतरी लपवतोय. एकानं लिहिलं, "खरं काय ते सांग ना भावा." मी खरंच सांगितलं होतं. पण त्यांनी मनात जे भरलं होतं त्यापुढे ते फारच किरकोळ निघालं.

साताऱ्याच्या पोरीचा फोन आला तेव्हा मी आत्याकडेच होतो. फोन स्पीकरवर होता. ती रडत होती. म्हणत होती, तिला बोलायचंय, पण सीझन संपेपर्यंत बाहेर काही बोललं तर कारवाई करू असं त्यांनी सांगितलंय, आणि घरी ती आणि आई दोघीच. आत्यानं तिला मध्येच थांबवलं. "रडू नको मेले. हात भाजला नाय ना तुझा? मग झालं." फोन ठेवल्यावर ती बराच वेळ भाजी निवडत बसली. मी आपला शिव्या घालत होतो, चॅनलला, त्या नम्र गृहस्थाला, परीक्षकाच्या भुवयांना. त्या भुवयासुद्धा दुसऱ्याच कुणाच्या खारट भातावर चढलेल्या होत्या, हे मी तिला समजावून सांगत होतो.

तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तू पन असंच करतोस?"

"छे. माझं वेगळं आहे. मी लोकांना चांगलं दाखवतो."

"त्या नवऱ्याच्या आयेचं हसू लावतोस, मागं बोलला होतास. तिला इचारतोस?"

कधीच विचारलं नव्हतं. त्या बाईला लग्न मान्य नसेल, नवरा आजारी असेल, चप्पल चावत असेल. तिचं पडलेलं तोंड तिचं होतं आणि मी ते मुलाच्या लग्नातून पुसून टाकलं होतं. तरी मला आत्याचा राग आला. वाटलं, मी हिच्यासाठी जिवाचं रान करतोय आणि ही मलाच पकडतेय. घरी गेल्यावर पहिल्यांदा माझ्या मनात आलं की ऑडिशनचा तो दोन मिनिटांचा व्हिडिओ बघूनच त्यांना ती कशी दाखवायची ते कळलं असणार. तोंडाळ कोळीण त्यांच्याआधी मीच बनवून दिली होती. भरती आणि सासू आणि नवरा मी फेकून दिले होते. अजूनही मी त्या लोकांना माफ केलेलं नाही, करणारही नाही. पण त्यांच्यावर ओरडताना मला आता घसा साफ करावा लागतो.

आत्याचा पुढचा सगळा वेळ त्या एका मुलीच्या वाटेकडे लागलेला होता. बाकीची पोरं गेली ते तिनं फार मनाला लावून घेतलं नाही. पण सकाळी साडेसातला ती दाराशी जाऊन उभी राहायची. सून म्हणायची, "आई, बसा आता." ती म्हणायची, "हवा घेते." राहिलेल्या दोघांना भरवताना तिसरी वाटी काढायची आणि परत ठेवायची. बिल्डिंगमध्ये कुणी सांगितलं, की ती मुलगी नव्या ठिकाणी नीट जेवत नाही, सारखी रडते, दोनदा ताप आला. ते ऐकून आत्यानं दिवसभर काही खाल्लं नाही.

तीन आठवड्यांनी मुलीची आई आली. रविवार होता, मीही तिथे होतो. ती सोफ्याच्या कडेवर बसली. चेहरा ओढलेला, बिचारीची झोप झालेली नसावी.

"आजी, ती राहतच नाहीये हो कुठे. आजीकडे जायचं, आजीकडे जायचं, एवढंच. तर आम्ही विचार केला, उद्यापासून परत पाठवू का?"

आत्या उठून तिच्याजवळ गेली, तिच्या गालावरून हात फिरवला. "पाठव की. इचारायचं काय त्यात."

"फक्त दोन गोष्टी होत्या. ते शब्द, म्हणजे तुमची बोलायची पद्धत, ती मुलीसमोर नको. ती उचलते ना सगळं. आणि हजबंड म्हणत होते, हॉलमध्ये एक छोटा कॅमेरा लावू या, आम्हाला ऑफिसमधून मोबाईलवर बघता येईल. तुमच्यावर अविश्वास नाही, प्लीज तसं घेऊ नका. सगळीकडे असतो हल्ली."

माझा तोल गेला. मी म्हटलं, "ताई, तुमची मुलगी बाहुलीला मेले म्हणत होती तेव्हा तुम्हीच हसत होतात. तुम्हीच ते मोबाईलवर घेऊन नागपूरला पाठवलंत."

ती माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाली, "दादा, तेव्हा आम्हाला त्याचा अर्थ माहीत नव्हता."

मला पुढे खूप बोलायचं होतं. तीन वर्षं हिच्या मुलीच्या शी-शू काढल्या, रात्री ताप आला तर आत्याच धावली, आणि अर्थ हिला कुणी शिकवला, तर एका टूंनं. पण आत्या म्हणाली, "तू गप बस." आणि त्या बाईकडे वळून म्हणाली, "चालंल. कॅमेरा लावा. नाय बोलनार मी तसं."

कॅमेरा मीच लावला. वायरचं काम मला येतं म्हणून. सोमवारी सकाळी लवकर जाऊन टीव्हीच्या वरच्या फळीवर बसवला, हॉलचा सगळा भाग दिसेल असा फिरवला, आणि मुलीच्या वडिलांना फोन करून विचारलं, दिसतंय का. ते म्हणाले, एकदम क्लिअर. आत्या तोपर्यंत आंघोळ करून, केस बांधून सोफ्यावर बसली होती. हात मांडीवर, पाठ ताठ. मी म्हटलं, "आत्या, नेहमीसारखी बस ना." तिनं ऐकलं नाही.

साडेसातला दार वाजलं. मुलगी बाहुली काखेत मारून आईचा हात सोडून धावत आली आणि उंबऱ्यावर थांबली. तोंडभर हसत, आता हाक येणार म्हणून. आई "बाय" म्हणून घाईनं गेटकडे गेली. आत्या उठली. दोन पावलं पुढे आली. तिची नजर एकदा वर फळीकडे गेली. मग शब्द जुळवत जुळवत, उभं आयुष्य पानी म्हणत आलेल्या माझ्या आत्यानं 'ण' नीट उच्चारला.

"बाळ, आत ये. पाणी पिणार का तू?"

मुलीचं हसू तसंच राहिलं. ही कुणाला हाक मारतेय ते बघायला तिनं मागे वळून पाहिलं. पॅसेजमध्ये कुणीच नव्हतं.